कॅज्युअल्टीतला उशीर नेमका होतो कुठे?

उंबरठा

गेल्या महिन्यात बाबांना (वय 78) एकाएकी धाप लागली म्हणून कॅज्युअल्टीत नेलं. रुग्णालयाचं नाव लिहिणार नाही आणि कुणी अंदाजही बांधू नका. तिथल्या माणसांवर माझा राग नाही. जो तो पळतच होता. तरीही आम्ही तिथे साडेदहा तास होतो. हे कोडं सुटत नाहीये, म्हणून धागा काढतेय.

खोड म्हणून केसपेपरच्या मागे वेळा टिपत गेले होते:

संध्याकाळी 7:40 पोहोचलो
7:50 ईसीजी, ऑक्सिजन लावला
8:25 डॉक्टरांनी तपासलं
8:40 रक्त घेतलं
9:50 रिपोर्ट आले, फिजिशियनना बोलावणं गेलं
10:50 फिजिशियन आले
11:05 ‘ॲडमिट करायचंय’ असं सांगितलं
पहाटे 6:15 वॉर्डात बेड मिळाला

बाबांना प्रत्यक्ष हात लावून काही केलं गेलं असा वेळ जोडला तर फार तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं भरतात. बाकी वेळ ते छताच्या ट्यूबलाइटकडे बघत ट्रॉलीवर, आणि मी त्यांच्या उशाशी उभी. डॉक्टर कमी पडतात का? गर्दी जास्त असते? की आणखी काही? जिथे हा वेळ खरोखर कमी झाला, तिथे काय केलं? या क्षेत्रातली मंडळी इथे आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारते.

बाबा घरी आहेत, ठीक आहेत.

तिरकस

यात कोडं कसलं? निम्मे लोक तिथे उगाच आलेले असतात. कुणाला दोन दिवस खोकला, कुणाचं नख उखडलंय, कुणाला दिवसा ओपीडीत यायला वेळ नाही. दारातच परत पाठवा, तुमचे बाबा तासाभरात वॉर्डात पोचले असते.

सहज_सुचलं

तिरकसशी सहमत. +१

रातपाळी

तिरकसराव, हे मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी अगदी असंच वाटायचं. रात्री तीनला कुणी ‘आठवडाभर पाठ दुखतेय’ म्हणत आला की डोकं फिरायचं. आता कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणून पंधरा वर्षं काढल्यावर मत बदललंय. नुसतं माझं मत म्हणून सोडून देऊ नका. कॅनडातल्या ऑन्टारियोमध्ये 110 आपत्कालीन विभागांचा हिशोब मांडला होता, तो 2007 मध्ये छापून आला. साध्या तक्रारींचे 10 रुग्ण आठ तासांत आले तर त्यापायी बाकीच्या आजारी माणसांचा मुक्काम सरासरी 5.4 मिनिटांनी वाढतो, आणि डॉक्टर दिसेपर्यंतचा वेळ 2.1 मिनिटांनी. बस. खोकलेवाला खुर्चीत बसतो, ट्रॉली अडवत नाही. दहा मिनिटांत चिठ्ठी घेऊन जातो.

ताईंचा कागद बघा. 7:40 ते 6:15 म्हणजे 635 मिनिटं. त्यातली 430 मिनिटं निर्णय झाल्यानंतरची आहेत. आमचं काम 11:05 ला संपलं होतं. पुढचे सात तास त्या कॅज्युअल्टीत बाबांसाठी वैद्यकीय म्हणावं असं नवं काहीच व्हायचं नव्हतं.

याला आम्ही ‘बोर्डिंग’ म्हणतो. ॲडमिट झालेला, पण वर जागा नाही म्हणून खाली अडकलेला रुग्ण. समजा विभागात 14 ट्रॉल्या आहेत आणि 9 वर असे अडकलेले आहेत. मग आमची कॅज्युअल्टी 5 ट्रॉल्यांची झाली. बाहेर बसलेल्यांना वाटतं डॉक्टर आत गप्पा मारतायत. खरं तर नवा रुग्ण झोपवायला जागाच नसते.

आणि हा उशीर फक्त गैरसोयीचा नाही. इंग्लंडमधल्या पन्नास लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये एक निष्कर्ष आला: येण्यापासून 6 ते 8 तासांच्या पुढे ज्यांचं वॉर्डात जाणं लांबलं, अशा दर 82 जणांमागे 30 दिवसांत एक जादा मृत्यू. फ्रान्समध्ये 97 विभागांत 75 वर्षांपुढच्या रुग्णांचं निरीक्षण झालं, ते 2023 मध्ये आलं. रात्र ट्रॉलीवर काढलेल्यांत रुग्णालयातला मृत्यूदर 15.7 टक्के, मध्यरात्रीपूर्वी वॉर्डात पोचलेल्यांत 11.1. असे अभ्यास निरीक्षणाचे असतात, कारण-परिणाम शंभर टक्के सिद्ध करत नाहीत हे मान्य. पण मी माझ्या वडिलांना रात्रभर ट्रॉलीवर ठेवणार नाही, एवढं मला त्यावरून कळतं.

उंबरठा

430. मी हे आकडे कधी जोडलेच नव्हते. मला सगळा उशीर एकाच रांगेचा वाटत होता.

रांगेतला

मी वैद्यकीय नाही. कारखान्यातला माणूस, रांगा आणि साठे हा माझा धंदा. पण हा प्रश्न आमच्याच घरचा आहे.

एक साधा नियम आहे, जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला. आत असलेली माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. तासाला 10 येतात आणि सरासरी 4 तास राहतात, तर आत कोणत्याही वेळी सरासरी 40 जण असणार. मुक्काम 3 तासांवर आणला की 30. एक वीट न रचता दहा जागा मोकळ्या. उलट मोठी कॅज्युअल्टी बांधली आणि वर जाण्याची वाट तशीच ठेवली तर काय होईल? अडकलेल्यांना अडकायला जास्त जागा मिळेल. अशी उद्घाटनं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट लोकांच्या पचनी पडत नाही. बेड सगळे भरलेले असले की रुग्णालय ‘नीट चाललंय’ असं वाटतं. प्रत्यक्षात येणाऱ्यांची संख्या रोज कमी-जास्त होत असेल तर पूर्ण भरलेल्या ठिकाणी रांग अमर्याद वाढते. 1999 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी संगणकावर नमुना-रुग्णालय चालवून पाहिलं. सरासरी 85 टक्क्यांपर्यंत बेड भरलेले असले तर निभतं, त्यापुढे धोका जाणवू लागतो, 90 च्या पुढे बेडची आणीबाणी नेहमीचीच होते. रिकामे 15 टक्के बेड म्हणजे उधळपट्टी नाही, ते गाडीचे शॉक ॲब्झॉर्बर आहेत.

आणि सगळ्यात गमतीचं. कॅज्युअल्टीत कोण कधी येईल सांगता येत नाही, असं आपण धरून चालतो. एकेका माणसाचं नाही सांगता येत. पण सोमवारी साधारण किती, संध्याकाळी सहा ते दहा किती, हे जुन्या नोंदींवरून बऱ्यापैकी सांगता येतं. बेसुमार हेलकावे असतात ते ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांच्या वेळापत्रकात! मंगळवारी पंधरा, गुरुवारी चार. ते आपणच ठरवतो. युजीन लिटवाक नावाचे गणिती बोस्टनमध्ये बसून रुग्णालयांना वर्षानुवर्षं हेच सांगत आले, की आधी शस्त्रक्रिया आठवडाभर सारख्या पसरा, मग कॅज्युअल्टीकडे बघा.

तिरकस

म्हणजे दारातला खोकलेवाला निर्दोष आणि मंगळवारचा सर्जन दोषी? वा. पटतंय हेच वाईट.

निवृत्त_सिस्टर

उशिरा धाग्यावर आले. मी बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा ट्रायाजच्या टेबलावर. डॉक्टर म्हणतात ते खरं, पण सगळं पाप वॉर्डावर ढकलू नका. खाली आमच्याही हातून वेळ सांडतो.

ट्रायाज म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवणं. नेपोलियनच्या सैन्यातला लॅरे नावाचा शल्यविशारद हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावायचा, तिथून ही रीत सांगतात. आता बहुतेक ठिकाणी पाच पायऱ्या असतात. मँचेस्टरच्या पद्धतीत लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी 10 मिनिटं, पिवळा 60, हिरवा 120, निळा 240. ऑस्ट्रेलियात आकडे वेगळे: तत्काळ, 10, 30, 60, 120. ही वेळ डॉक्टर पहिल्यांदा बघेपर्यंतची असते, घरी जाईपर्यंतची नाही. नातेवाइकांशी निम्मी भांडणं याच गैरसमजातून.

पण बघा, ट्रायाज ही गर्दीत क्रम लावायची सोय आहे, रुग्ण बरा करायची नाही. आत चार ट्रॉल्या रिकाम्या आहेत आणि बाहेर ट्रायाजसाठी सहा जण रांगेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय! कारण काय, तर ‘आधी नोंदणी, मग ट्रायाज, मग आत’. आमच्या एका नव्या मेट्रननी हे मोडलं. ट्रॉली मोकळी असेल तर रुग्ण थेट आत. नाव-पत्ता, ताप, बीपी, सगळं ट्रॉलीपाशी. काही दिवस केसपेपरवाले फुगून बसले होते. मग सरावले.

दुसरं म्हणजे बसू शकणाऱ्या माणसाला झोपवायचं नाही. आपल्याकडे आलेला प्रत्येक जण आडवा झालाच पाहिजे असं काहीतरी आहे. मनगट मुरगळलेला तरुण दोन तास ट्रॉलीवर कशाला? त्याला खुर्ची, एक्स-रे, पुन्हा खुर्ची, प्लास्टर, घरी. ॲडलेडच्या फ्लिंडर्स रुग्णालयानं 2003 च्या सुमारास मोटार कारखान्यांकडून शिकून हेच केलं. घरी जाण्याची शक्यता असलेले एका बाजूला, ॲडमिट होण्यासारखे दुसऱ्या बाजूला, दोन्हींचे डॉक्टर-नर्स वेगळे. साध्यांची गाडी मोठ्या आजारांच्या मागे अडकत नाही.

आणि एक राहिलंच. बाहेर थांबलेल्यांना परत परत जाऊन बघणं. आल्यावर हिरवा असलेला माणूस दीड तासानं नारिंगी झालेला असू शकतो. ट्रायाज एकदा करून फाईल खाली ठेवली की झालं, असं समजणाऱ्या मुलींना मी फार बोललेय. त्याची लाज वाटत नाही.

परीक्षानळी

रक्त 8:40 ला घेतलं, रिपोर्ट 9:50 ला. या सत्तर मिनिटांबद्दल मी बोलते, लॅबमध्ये आहे. लोक म्हणतात मशीन हळू आहे. मशीन बिचारं निमूट फिरत असतं. नमुना मशीनमध्ये असतो त्यापेक्षा जास्त वेळ ट्रेमध्ये पडून असतो. वॉर्डबॉय ‘आणखी दोन-तीन होऊ देत, एकदमच नेतो’ म्हणतो, त्याचंही चुकत नाही, त्याच्यावर तीन विभाग असतात. न्यूमॅटिक ट्यूब (हवेच्या दाबानं नमुना थेट लॅबपर्यंत ढकलणारी नळी) बसवली की हा भाग जवळजवळ पुसला जातो.

त्याहून मोठं दुखणं म्हणजे रक्तपेशी फुटलेला नमुना. पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, नमुना बाद, पुन्हा टोचा, पुन्हा पाठवा. सलाईनच्या सुईतूनच रक्त ओढलं की हे जास्त होतं, सरळ शिरेतून घेतलं की कमी. सिरिंज जोरात ओढली तरी होतं. एक नमुना बाद झाला की त्या रुग्णाचा तास गेलाच म्हणून समजा.

छातीत दुखणाऱ्यांच्या बाबतीत तर चाचणी बदलल्यामुळेच तास वाचलेत. पूर्वी ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) एकदा करून पुन्हा सहा तासांनी करायचो. आता अतिसंवेदनशील ट्रोपोनिन आलंय. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2015 मध्ये शून्य आणि एक तास अशा दोनच नमुन्यांची पद्धत मान्य केली. ज्याला झटका नाही त्याला पाच तास आधी घरी जाता येतं. अर्थात दुसरा नमुना बरोबर तासानं घ्यायची आठवण कुणाला राहिली तर. (हे वाक्य आमच्या कॅज्युअल्टीला उद्देशून आहे. त्यांना कळेल.)

सहज_सुचलं

माझं +१ मागे घेतो. पण एक शंका. हे सगळं ‘असं करायला हवं’ छापाचं आहे. खरंच कुणी मोठा फरक करून दाखवलाय का?

रातपाळी

दाखवलाय. पक्षाघाताचं उदाहरण देतो, कारण तिथे घड्याळ सगळ्यात निर्दयी असतं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली की दर मिनिटाला 19 लाख चेतापेशी मरतात, असा 2006 मधला अंदाज आहे. गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्या आतही जितकं लवकर तितकं बरं.

हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयात 1998 मध्ये दारातून सुईपर्यंतचा, म्हणजे रुग्ण आल्यापासून हे औषध सुरू होईपर्यंतचा, मध्यक वेळ 105 मिनिटं होता. 2011 मध्ये 20. एकशे पाचाचे वीस! जादूचं यंत्र एकही नाही. रुग्णवाहिकेतूनच फोन येतो, त्यामुळे रुग्ण पोचायच्या आधी जुनी माहिती काढून ठेवलेली, तपासण्या आधीच मागवलेल्या. सीटी स्कॅन आपत्कालीन विभागातच हलवला. रुग्ण रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरूनच थेट सीटीच्या टेबलावर जातो, मध्ये बेड नाही. औषध तिथेच, सीटीच्या टेबलावरच सुरू होतं. सगळ्या रक्त-रिपोर्टांची वाट बघत नाहीत. अशा बारा गोष्टी त्यांनी तेरा वर्षांत एकेक करून केल्या.

मग मेलबर्नच्या एका रुग्णालयानं त्यातल्या निवडक तीन-चार उचलल्या. चार महिन्यांत दिवसाचा वेळ 43 वरून 25 मिनिटांवर आला. रात्री मात्र जवळजवळ जैसे थे. हे मी मुद्दाम सांगतोय. दिवसा पद्धत बदलते, रात्री जुनीच पद्धत कामावर असते.

हृदयविकाराचंही तसंच. 2006 मध्ये 365 अमेरिकी रुग्णालयांची तुलना झाली. कुठे दारापासून फुग्यापर्यंतचा (रुग्ण आल्यापासून हृदयाची बंद वाहिनी फुग्यानं उघडेपर्यंतचा) वेळ कमी, आणि का? जिथे एकाच फोनवर सगळी कॅथलॅब (वाहिनी उघडण्याचं काम होतं तिथली टीम) जमते तिथे जवळपास 14 मिनिटं वाचतात. बोलावल्यावर 20 मिनिटांत हजर राहायचं असा दंडक असेल तर 19. आणि जिथे कॅज्युअल्टीतला डॉक्टर हृदयतज्ज्ञाची परवानगी न मागता स्वतः कॅथलॅब सुरू करू शकतो, तिथे 8.

हा शेवटचा मुद्दा उंबरठाताईंच्या कागदावरही आहे. 9:50 ते 10:50. एक तास फिजिशियनची वाट. बऱ्याच ठिकाणी आधी निवासी डॉक्टर येतो, तो वरिष्ठांना फोन करतो, ते आणखी एक तपासणी सांगतात, ती झाली की ‘हा आमचा नाही, छातीवाल्यांना दाखवा’. मग छातीवाले म्हणतात, ‘हृदयवाल्यांना विचारलंत का?’ रुग्ण म्हणजे कॅरमची सोंगटी. यावर एकच औषध चालताना पाहिलंय: कोणत्या विभागाखाली ॲडमिट करायचं ते कॅज्युअल्टीतला वरिष्ठ ठरवेल, आणि वाद घालायचा असेल तर तो वॉर्डात, दुसऱ्या दिवशी. आमच्याकडे हा नियम लागू झाला तेव्हा दोन विभागप्रमुख माझ्याशी बोलेनासे झाले होते. एक अजून बोलत नाहीत.

खाटमोजणी

डॉक्टरसाहेब, आता माझी पाळी. मी बेड वाटप बघतो. म्हणजे दिवसभर तिन्ही बाजूंनी शिव्या खातो.

बेड नसतो हे निम्मं खरं आहे. बेड योग्य वेळी नसतो, हे पूर्ण. एका डिस्चार्जचा प्रवास सांगतो. साडेदहाला राउंडमध्ये मोठे डॉक्टर म्हणतात, ‘आज घरी जाऊ द्या.’ सगळे माना डोलावतात. राउंड संपतो बाराला. निवासी डॉक्टर आधी तातडीची कामं करतो, डिस्चार्ज कार्ड लिहायला बसतो दोनला. औषधं, कागदपत्रं, सह्या यात चार वाजतात. नातेवाईक कामावरून सुटून येतात साडेसहाला. रुग्ण निघतो सातला. चादर बदलून, पुसून आठ. वॉर्ड मला कळवतो नऊला, कारण पाळी बदलत होती. साडेदहाला जी खाट कागदावर मोकळी झाली ती मला रात्री नऊला दिसते. आणि कॅज्युअल्टीत ॲडमिट करायची गर्दी दुपारपासूनच चढायला लागलेली असते. दोन्ही वेळा एकमेकींना चुकवतात, तेवढाच तुमचा ट्रॉलीवरचा मुक्काम.

उपाय कळायला अवघड नाहीत. उद्या कोण जाणार याची यादी आज संध्याकाळीच करायची, कार्डाचा मसुदा रात्रीच लिहून ठेवायचा, नातेवाइकांना आदल्या दिवशी फोन. राउंडला आधी घरी जाणाऱ्यांना बघायचं, मग बाकीच्यांना (गंभीर रुग्ण अर्थातच सगळ्यांच्या आधी). जो जाण्यासारखा आहे पण गाडीची वाट बघतोय, त्याला खाटेऐवजी डिस्चार्जच्या बैठकीच्या खोलीत बसवायचं. आणि रविवार! शनिवार-रविवारी कुणी घरी जात नाही, कारण निर्णय घेणारे सुट्टीवर. मग सोमवारी कॅज्युअल्टी तुंबते आणि चौकशी सोमवारच्या लोकांची होते.

एक सावधगिरी मात्र. आमच्याकडे ‘बाराच्या आत डिस्चार्ज’ अशी मोहीम निघाली होती. काही वॉर्डांनी काय केलं असेल? संध्याकाळी जाऊ शकणाऱ्या रुग्णाला रात्रभर ठेवून सकाळी साडेअकराला सोडलं. आकडा झकास, खाट मात्र एक रात्र जास्त अडलेली.

वॉर्ड खाटा लपवतात का? हो, लपवतात. पण रात्री एक नर्स तीस रुग्ण सांभाळते, तिला पहाटेपर्यंत एकतिसावा नको असतो. तिच्या जागी मी असतो तर मीही बाथरूम दुरुस्तीला आहे म्हणून सांगितलं असतं.

तिरकस

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ कायदा करा. अमुक तासांत वॉर्डात पोचलाच पाहिजे, नाहीतर दंड.

रांगेतला

इंग्लंडनं साधारण तेच केलं. चार तासांत रुग्ण एकतर घरी किंवा वॉर्डात. 2004 मध्ये 98 टक्के रुग्णांसाठी लक्ष्य ठेवलं, 2010 मध्ये ते 95 वर आणलं. पहिली काही वर्षं चांगला परिणाम दिसला. माझ्या मते त्याचं खरं कारण असं की पहिल्यांदाच कॅज्युअल्टीचा उशीर हा अख्ख्या रुग्णालयाच्या वरिष्ठांचा डोकेदुखीचा विषय झाला. पण किती वाजता किती रुग्ण हलवले याचा आलेख काढला तर तीन तास पन्नास मिनिटांच्या आसपास एक सुळका उभा दिसायचा. म्हणजे तिसऱ्या तासात ज्याला खरी निकड होती तो थांबला, आणि ज्याचं घड्याळ भरत आलं तो आधी गेला. मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप उरत नाही. अलीकडे ते लक्ष्यही तिथे गाठलं जात नाही, कारण वॉर्ड भरलेले.

न्यूझीलंडनं 2009 मध्ये सहा तास ठेवले होते. मला तो आकडा जास्त माणसाळलेला वाटतो, पण हे आपलं माझं मत.

रातपाळी

वॉर्ड भरलेले असताना काय करायचं, याचं एक धीट उत्तर न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक इथे 2001 च्या सुमारास दिलं गेलं. खालच्या बोळात दहा अडकलेले ठेवण्यापेक्षा प्रत्येक वॉर्डाच्या बोळात एक-एक पाठवायचा. तिथले डॉक्टर पीटर विकेलिओ म्हणायचे, धोका एकाच जागी साठवण्याऐवजी वाटून घ्या. रुग्णांना विचारलं तेव्हा बहुतेकांनी वरचा बोळ पसंत केला. आणि वॉर्डाच्या डोळ्यांसमोर माणूस दिसला की खाट कशी कोण जाणे पण लवकर सापडते.

खाटमोजणी

सापडते हे खरं. पण बोळातल्या माणसाला ऑक्सिजनची जोडणी कुठून देणार? हाक मारायची घंटा? धाप लागलेल्या बाबांना मी बोळात घेतलं नसतं. पायाला प्लास्टर असलेल्याला आनंदानं घेतलं असतं. निवड करून पाठवा, मग माझं भांडण नाही.

निवृत्त_सिस्टर

वॉर्डातल्या मुलींना आधी विश्वासात घ्या. एवढंच.

उंबरठा

किती शिकायला मिळतंय. आता सामान्य माणसाच्या बाजूनं विचारते. आम्ही नातेवाईक यात काही करू शकतो का, की नुसतं उभं राहायचं?

निवृत्त_सिस्टर

करू शकता. चालू गोळ्यांचा, ॲलर्जीचा आणि जुन्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ‘ती पांढरी छोटी गोळी, बीपीची’ यावर आमची दहा मिनिटं जातात. माहिती सांगायला एकच माणूस ठरवा, पाच जण पाच हकिकती सांगतात. ‘अजून किती वेळ?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. ‘आता आपण कशाची वाट बघतोय?’ असं विचारा. रिपोर्टची, डॉक्टरची की बेडची, हे सांगता येतं, आणि विचारल्यामुळे कधीकधी विसरलेला फोनही होतो. त्रास वाढला तर आपला नंबर यायची वाट न बघता टेबलावर येऊन सांगा. यात उद्धटपणा नाही.

आणि ट्रॉली अरुंद असते, गादी पातळ. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी. त्या सात तासांत बाबांना कुणी वळवलं होतं का?

उंबरठा

नाही. मीच एकदा उशी सरकवली. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

सहज_सुचलं

कशाची वाट बघतोय हे कळलं की माणूस शांत होतो, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये 2011 च्या सुमारास काही विभागांत भिंतींवर नुसत्या पाट्या लावल्या होत्या, आता तुम्ही कोणत्या टप्प्यावर आहात आणि पुढे काय होणार हे सांगणाऱ्या. चिडखोर, धमकीवजा वागणं निम्म्यानं कमी झालं असं मूल्यमापनात निघालं. वेळ तेवढाच लागत होता, बरं का.

रांगेतला

उंबरठा, तुमच्या नोंदीत एक वेळ कमी आहे. 6:15 ला जी खाट मिळाली ती मोकळी कधी झाली होती? कळण्यासारखं आहे का? 430 मिनिटं त्या एका आकड्यावर अडली आहेत.

उंबरठा

बाबा त्या वॉर्डात पाच दिवस होते. शेजारच्या खाटेवरच्या काकांच्या मुलीशी अजून बोलणं होतं, तिला विचारलं. ती म्हणाली, त्या खाटेवरचे गृहस्थ आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास घरी गेले. सातला स्वच्छ चादर घातलेली होती. रात्रभर खाट तशीच होती.

म्हणजे आम्ही दारात पोचलो तेव्हाच ती रिकामी होती?

खाटमोजणी

दूरून बोलतोय, चूकही असेल. पण संध्याकाळी सातला तयार आणि पहाटे सहाला दिली, म्हणजे बहुधा सकाळच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णासाठी राखून ठेवली असणार. सकाळची यादी हातात आली आणि कुणीतरी निर्णय घेतला, तेव्हा तुम्हाला मिळाली.

उंबरठा

मग त्या सकाळच्या माणसाचं काय झालं?

खाटमोजणी

उपाशीपोटी येऊन बसला असेल. दुपारी त्याला पुढची तारीख दिली असेल. तो फोन आमच्यापैकीच कुणीतरी करतो.